पहिलं बायप्लेन कुठलं बनवावं? (छोटं, सोपं उडणारं, स्प्लेंडरवर नेता येणारं)

कंदीपेढा:
नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज हिंमत करून धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी साताऱ्यात राहतो, राजवाड्याजवळ, दुसरा मजला. गेलं दीड वर्ष रिमोटवरचं फोमचं ट्रेनर (शिकाऊंचं मॉडेल विमान) उडवतोय, वर पंख असलेलं, चार चॅनेल. सुरुवातीला दर रविवारी मोडायचं आणि सोमवारी ते चिकटवत बसलो की बायको विचारायची, झालं का प्लॅस्टर. आता हाताला बसलंय, निम्म्या वेळा तरी चाकांवर उतरतं. तर आता बायप्लेन बनवायचंय. का ते विचारू नका, दोन पंख आणि मधे काड्या बघितल्या की मला काहीतरी होतं.

तयार घ्यायचं नाहीये, दिवाळीच्या सुट्टीत स्वतः करायचंय. घरात ए२२१२ ची १००० केव्ही मोटर, ३० अँपियरचा ईएससी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा), ९ ग्रॅमवाले चार सर्व्हो (शेपटी-पंखांची पानं हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि फ्लायस्काय आय६ रिमोट पडलाय. पंख ८०-९० सेंमी एवढाच, कारण न्यायचं स्प्लेंडरवर. डोक्यात तीन आहेत, पिट्स स्पेशल (ते लाल-पांढरं, पंखावर किरणं रंगवलेलं), सॉपविथ कॅमल आणि टायगर मॉथ. यातलं सोपं कुठलं? की चौथंच बघू?

मिरजमसाला:
पहिला! भडंग घेऊन बसलोय.

माणदेशी_माळ:
भावा पिट्स डोक्यातनं काढ आधी. ते सर्कशीचं विमान हाय, खरं पिट्स एस-१ म्हंजे जेमतेम सव्वापाच मीटर पंखाचं, आखूड, वर-खाली सारख्याच फुगीचा पंख, कोलांट्या मारायलाच बनवलेलं. त्याचं ८० सेंमीचं फोमचं मॉडेल केलंस की ते हात लावशील तिकडं पळतंय, स्वतःहून सरळ व्हायचं नाव घेत नाय. मी केलंवतं. चौथ्या उड्डाणाला बाभळीत गेलं, काढायला शेळ्या राखणाऱ्याची काठी घ्यावी लागली.

बाल्सा_बाबा:
धागाकर्त्यास, प्रश्न चांगला आहे पण उलट्या बाजूने विचारलाय. आधी रूप बघू नये, नाक बघावं.

सविस्तर सांगतो. कॅमल, पप वगैरे पहिल्या महायुद्धातल्या विमानांना रोटरी इंजिन असायचं, म्हणजे आख्खं इंजिनच पंख्याबरोबर गरगरा फिरायचं. ते जड, म्हणून नाक एकदम आखूड ठेवलेलं. कॅमलमध्ये तर इंजिन, पायलट, बंदुका, पेट्रोल सगळं पुढच्या तेवढ्याशा जागेत कोंबलेलं, त्यामुळे ते गर्रकन वळायचं आणि शिकाऊ पोरांना घेऊनही जायचं. आता तुझ्या मॉडेलमध्ये त्या जड इंजिनाच्या जागी काय, तर ५० ग्रॅमची मोटर. नाक आखूडच राहिलं, वजन मात्र गेलं. मग विमान शेपटीवर बसतं आणि तू नाकात शिसं भरत सुटतोस. ४५० ग्रॅमचं विमान ५५० चं होतं, आणि जड छोटं विमान सावकाश उडूच शकत नाही. "बायप्लेन अवघड असतं" म्हणतात ना लोक, त्यातलं निम्मं अवघडपण या शिशाचं असतं.

म्हणून लांब नाकाचं घे. टायगर मॉथ लांब नाकाचंच आहे, जिप्सी मेजर हे सरळ रांगेतल्या सिलिंडरचं इंजिन, त्यामुळे तोंड लांबुळकं. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांत एके काळी तेच असायचं, नंतर एचएएलचं एचटी-२ आलं. पण त्याचे पंख मागे कललेले. गंमत अशी की पुढच्या सीटवाल्याला पॅराशूट घालून बाहेर उडी मारता यावी म्हणून वरचा पंख पुढे सरकवला, आणि मग तोल जमवायला पंखांची टोकं मागे ओढली. दिसतं देखणं. बनवताना मात्र चारही पंखांना तो कोन अचूक साधावा लागतो, पहिल्या वेळी कशाला?

माझं मत एसई-५ए. बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कॅमलच्याच काळातलं, पण इंजिन पाण्याने थंड होणारं व्ही-८, हिस्पानो-सुइझा जातीचं. त्यामुळे नाक लांब, चौकोनी, पुढे मोटारगाडीसारखा रेडिएटर. अंग म्हणजे चार सरळ फळ्यांची पेटी. दोन्ही पंख सारखे, टोकं थोडी वर उचललेली. आणि खरं विमानसुद्धा शांत म्हणूनच नावाजलेलं. आपला इंद्रलाल रॉय, त्या युद्धातला भारतीय लढाऊ वैमानिक, हेच उडवायचा, १९१८ च्या जुलैत दोनेक आठवड्यांत दहा विजय त्याच्या नावावर लागले आणि त्याच महिन्यात २२ तारखेला गेला, वय १९. असो, अवांतर झालं.

कंदीपेढा:
काका, नाकाचं हे डोक्यातच नव्हतं आलं. मी आपला रंग बघत बसलो होतो. एसई-५ए चे फोटो बघितले, तोंड जुन्या ट्रॅक्टरसारखं आहे, पण आवडायला लागलंय. साइज किती धरू?

बाल्सा_बाबा:
सरळ दहावा भाग कर. खऱ्याचा पंख साधारण ८.१ मीटर, लांबी ६.४. म्हणजे तुझा पंख ८१ सेंमी, लांबी ६४, पंखाची रुंदी १५. दोन्ही पंख मिळून साधारण २३ चौरस डेसिमीटर क्षेत्र येतं. वजन ५०० च्या आत ठेवलंस तर डेसिमीटरला २१-२२ ग्रॅम पडतात, हे छान सावकाश उडतं. पण दोन पंख म्हणजे दुप्पट उचल असं समजू नकोस. एकमेकांची हवा बिघडवतात ते, म्हणून दोघांमधलं अंतर निदान पंखाच्या रुंदीएवढं ठेव, १४-१५ सेंमी. आणि आडव्या-उभ्या शेपटीची पानं मापापेक्षा थोडी मोठी कर, जत्रेत कोणी टेप लावून बघत नाही.

मिरजमसाला:
काका, मिरजेत सतारमेकर गल्लीतनं तारा आणून देऊ का पंखांच्या मधे ताणायला? उडताना सूर पण लागंल.

बाल्सा_बाबा:
सूर लागेल, पंख वाकेल. फोमला स्टीलची तार ताणली की ती पंखाला पीळ घालते. शिवणकामाचं बारीक काळं इलास्टिक घ्या. लांबून तारच वाटते, आणि आपटलं तर ताणून परत येतं.

वाईकरीण:
मी दोन बायप्लेन बनवलीत, दोन्ही आधी चुकीची, म्हणून दोन शब्द.

वस्तू कुठली वापरणार ते आधी ठरव. बोर्डवाल्याकडचा सनबोर्ड घेऊ नकोस!! तो पीव्हीसी असतो, हातात हलका वाटतो पण विमानासाठी दगड. डेप्रॉन (पातळ हलकी फोमशीट) मिळालं तर उत्तम, नाहीतर लाकडी फ्लोअरिंगच्या खाली अंथरतात ती ५ मिमीची एक्सपीएस शीट चालते, फक्त दाबून बघ, लगेच खळगा पडत असेल तर नको. फेविक्विक फोमला लावलं की फोम विरघळतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि आख्खा पंख गेला. पांढरं फेव्हिकॉल आणि घाईच्या जागी हॉट ग्लू. हॉट ग्लू शेपटीकडे मात्र अजिबात नको. तोलबिंदूपासून शेपूट ४० सेंमीवर आणि मोटर १४ वर, म्हणजे मागे १ ग्रॅम वाढला की पुढे जवळजवळ ३ ग्रॅम. गोंदाचा एक गोळा आणि त्यावर रंगाचा एक हात झाला की तेच शिसं परत आलं.

आणि मधल्या काड्यांना बाजारातलं काही आणू नकोस. दिवाळी आलीच आहे, आकाशकंदिलाच्या कामट्या घे.

माणदेशी_माळ:
कामट्या एक नंबर. मी काय म्हणतो पहिल्यांदा करतोयस तर एलेरॉनच (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) नको लावू. पंखाची टोकं वर उचलायची, रडर (शेपटीचं उभं पान) न एलेव्हेटर (आडवं पान) बास. दोन सर्व्हो कमी, वजन कमी, डोक्याला ताप कमी. फिरतंय रडरवर मस्त.

बाल्सा_बाबा:
हे शांत हवेत ठीक. साताऱ्यात दुपारी चारनंतर पश्चिमेचं वारं सुटलं की रडरवाल्याला उतरताना घाम फुटतो, एक पंख वाऱ्याने उचलला की दाबायला हातात काही नसतं. आणि गडी दीड वर्ष एलेरॉनवर उडवतोय. खालच्या पंखालाच लाव फक्त, टायगर मॉथलाही खालीच आहेत. वरचा पंख कोराच ठेव, मग दोन पंखांत जोडकाड्या घालायची भानगड नाही.

वाईकरीण:
काकांना अनुमोदन. पण एलेरॉन लावलेस की एक गोष्ट नवीन वाटेल. ट्रेनर कसं, काठी डावीकडे दाबली की डावीकडे वळतं. बायप्लेन डावीकडे कलतं पण नाक आधी उजवीकडे जातं, नवीन सुनेसारखं, हो म्हणते पण तोंड दुसरीकडे. ज्या पंखाचं एलेरॉन खाली जातं तो पंख हवेत जास्त अडतो, म्हणून. विमान सावकाश असेल तर हे फार जाणवतं. दोन उपाय. एलेरॉन वर १२ मिमी जाऊ दे आणि खाली ५-६ च, सर्व्होचा आर्म सरळ न बसवता कलता बसवला की होतं. आणि आय६ मध्ये मिक्स आहे (एक काठी हलवली की दोन पानं हलतात), एलेरॉनबरोबर रडर २५-३० टक्के जोडून टाक.

मिरजमसाला:
नवीन सुनेच्या उपमेचा निषेध. बाकी चालू द्या.

वाईकरीण:
मी स्वतः होते, मला हक्क आहे :)

कंदीपेढा:
सगळं वहीत लिहून घेतोय. आता माझी खरी अडचण. स्प्लेंडर. ट्रेनरचा पंख रबर काढून पाठीवरच्या पिशवीत घालतो. बायप्लेनचं काय करू? वरचा पंख, खालचा पंख, आठ काड्या, हे सगळं माळावर जाऊन जुळवायचं?

माणदेशी_माळ:
ह्यो लाखातला सवाल. माझं दुसरं बायप्लेन उडतंय झक्कास पण जुळवायला पंचवीस मिनिटं, काड्या, टाचण्या, एक टाचणी गवतात पडली की हुडकत बसायचं. त्या नादात वारं सुटतंय. सहा म्हैन्यात चारदा नेलं असंल. भिंतीवर टांगलंय, पाव्हणे फोटू काढत्यात.

बाल्सा_बाबा:
पिंजरा कर. दोन्ही पंख आणि बाहेरच्या काड्या कायमच्या चिकटवून एकच पिंजरा. खालच्या पंखाला मधे जोड नको, आख्खा एकच तुकडा, तो विमानाच्या पोटाखालच्या खाचेत बसतो आणि दोन रबरांनी आवळतो. वरच्या पंखाच्या मध्यभागी अंगातून वर आलेल्या चार काड्या असतात ना, त्यांच्या डोक्यावर पातळ प्लायचा तुकडा, त्यातून दोन प्लॅस्टिकचे स्क्रू. झालं. दोन रबरं, दोन स्क्रू, एलेरॉनची एक वायर. तीन मिनिटं. पिंजरा ८१ बाय २० बाय १५ येतो, टीव्ही आला त्या खोक्यात बसतो आणि खोकं मागच्याच्या मांडीवर आडवं.

पिंजरा अंगातून सुटतो याचा आणखी फायदा म्हणजे खाचेतून हात घालून बॅटरी पुढे-मागे करता येते, तोल तिथेच जमतो.

माणदेशी_माळ:
काका तुमी हे पाच वर्सं आधी का नाय सांगितलंत.

बाल्सा_बाबा:
पाच वर्षांपूर्वी तुम्ही धागा काढला नव्हता. आणि २०१९ च्या पुरात माझा बाल्साचा सगळा साठा, नकाशे, दोन इंजिनं पाण्यात गेली होती, सांगली सोडून बहिणीकडे विट्याला बसलो होतो, तेव्हा विमानाचं बोलायची इच्छा नव्हती. फोमकडे मी त्यानंतर वळलो. भिजला तर पुसता येतो.

वाईकरीण:
कंदीपेढा, नियमाचं पण बघून ठेव. २५० ग्रॅमच्या वर गेलं की ड्रोनच्या नॅनो, म्हणजे सगळ्यात हलक्या गटात मोडत नाही. ड्रोन नियम २०२१ मध्ये हौशी मॉडेलांची वेगळी व्याख्या आहे, २५ किलोपर्यंत, नजरेच्या टप्प्यात, आणि फक्त शिक्षण, संशोधन, करमणूक वगैरे. डिजिटल स्काय या सरकारी साइटचा नकाशा उघडून जागा हिरव्या भागात आहे का बघ, तिथेही ४०० फुटांच्या वर नाही. कराडच्या धावपट्टीच्या बाजूला तर जाऊच नकोस. आणि कासला नेऊन फोटो काढायचा मोह होईल, तिथे नको, फुलं तुडवू नकोस.

माणदेशी_माळ:
चाळकेवाडीला बी नको, पवनचक्क्या उगं नाय लावल्या तिथं.

कंदीपेढा:
(साडेतीन आठवड्यांनी)
माफ करा, गायब होतो, फराळापेक्षा फोमचा भुगा जास्त सांडला घरात. झालं विमान!! वजन बॅटरीसकट ४८८ ग्रॅम, तीन सेलची १३०० एमएएच पार रेडिएटरच्या मागे टेकवली तेव्हा तोल आला. शिसं शून्य, काका, शून्य. पुढचा फिरणारा पंखा ९ बाय ४.७ इंची. रंग नाही मारला, तपकिरी पॅकिंग टेपच चढवला, लांबून खाकी दिसतो.

तोल कुठे धरायचा यात दोन दिवस गेले. दोन पंख पुढे-मागे असले की कुठल्या पंखावरून मोजायचं?

बाल्सा_बाबा:
वरचा पंख खालच्यापेक्षा किती पुढे आहे?

कंदीपेढा:
४ सेंमी.

बाल्सा_बाबा:
मग दोघांच्या पुढच्या कडांच्या मधोमध एक काल्पनिक कड धर, ती वरच्याच्या २ सेंमी मागे. तिथून पंखाच्या रुंदीच्या पाव भागाहून किंचित जास्त, म्हणजे ४. एकूण वरच्या पंखाच्या कडेपासून ६ सेंमी. पहिलं उड्डाण ६ च्या पुढे तोल ठेवून कर, मागे नको. नाक जड विमान नीट उडत नाही, शेपूट जड विमान घरी येत नाही.

कंदीपेढा:
आज सकाळी साडेसहाला गेलो. मुद्दाम गावाचं नाव लिहीत नाही, ज्वारी काढलेलं रान, मालकाला विचारून, त्यांनी आधी ड्रोनने औषध मारणारा समजून रेट विचारला.

हातातून सोडलं, गेलं सरळ. मग थ्रॉटल वाढवलं की नाक वर, आणखी वाढवलं की आणखी वर, एलेव्हेटरचा ट्रिम पार खाली नेला तरी घोड्यासारखं पुढचे पाय उचलतंय. कसंबसं अर्ध्या थ्रॉटलवर दोन फेऱ्या मारल्या. उतरवताना ट्रेनरच्या सवयीने थ्रॉटल बंद केलं आणि नारळ पडावा तसं पडलं. खालच्या पंखाला एक चीर, बाकी बरं. तोल परत बघितला, ६ वरच आहे. काय चुकलं?

वाईकरीण:
दोन्ही पंख एका कोनात आहेत का मोजलंस? पुढच्या आणि मागच्या काड्या सारख्या आहेत?

कंदीपेढा:
थांबा, मोजतो.

कंदीपेढा:
पुढच्या १४.०, मागच्या १३.७. कामटी कापताना खूण पुसली गेली होती, म्हणलं ३ मिलिमीटरने काय होतंय.

वाईकरीण:
पुढची आणि मागची काडी ८ सेंमी अंतरावर आहेत ना, त्यात ३ मिमी म्हणजे दोन अंश झाले. वरचा पंख दोन अंश जास्त वर बघतोय, आणि तोच पुढे आहे, मग वेग वाढला की तोच नाक उचलणार. माझं पहिलं बायप्लेन ह्याच्यातच गेलं. पुठ्ठ्याचे दोन साचे काप, दोन्ही पंखांच्या खाचा असलेले, पिंजरा त्या साच्यात उभा करून पुढच्या काड्या ३ मिमी तासून परत चिकटव. दोन्ही पंख समांतर आले पाहिजेत, बाकी कोनांचे प्रयोग पुढच्या विमानाला.

बाल्सा_बाबा:
आणि मोटरच्या वरच्या दोन स्क्रूंखाली एकेक वॉशर टाक, मोटर किंचित खाली बघू दे. उतरताना थ्रॉटल बंद करायचं नाही रे. दोन पंख, काड्या, दोऱ्या, सगळं हवेत अडतं, ओढणारं थांबलं की वेग लगेच मरतो. चाकं टेकेपर्यंत थोडी मोटर चालू ठेव, चालवतच जमिनीवर आण.

मिरजमसाला:
फोटो टाका की राव, एवढं बारसं झालं न पोर कुणी बघितलं नाय.

कंदीपेढा:
(पुढचा रविवार)
मंडळी, उडालं. खरंच उडालं. साचा करून काड्या तासल्या, वॉशर टाकले, आता थ्रॉटल वाढवलं की नुसतं हळूहळू वर जातं. एलेरॉनला रडर मिक्स ३० टक्के, वळण गोल येतं. एक तृतीयांश थ्रॉटलवर इतकं सावकाश चाललं होतं की रानाचे मालक शेजारी उभे राहून म्हणाले, पडंल की आता, आणि ते पडत नव्हतं. उन्हात दोन पंखांमधून पलीकडचा अजिंक्यतारा दिसला एकदा, तेवढ्यात घार आली म्हणून खाली घेतलं. सकाळपासून सहा बॅटऱ्या. जुळवायला घड्याळ लावून बघितलं, पावणेचार मिनिटं.

फक्त उतरलं की दर वेळी नाकावर पालथं होतं. धसकटं आहेत रानात हे खरं, पण ट्रेनर कधी असं करत नव्हतं. एक पंखा मोडला.

बाल्सा_बाबा:
चाकं कुठे आहेत?

कंदीपेढा:
खालच्या पंखाच्या बरोब्बर मधोमध.

बाल्सा_बाबा:
मागे झाली. खालच्या पंखाच्या पुढच्या कडेखाली आण. पेटी फोडत बसू नकोस, चाकांची तारच पक्कडीने पुढे वाकव.

कंदीपेढा:
वाकवली. आता पालथं होत नाही, पण दोन-तीन उड्या मारतं टेकल्यावर. तार जास्त ताठ आहे का?

बाल्सा_बाबा:
तार बरोबर आहे. त्या उड्या तुझ्या आहेत.